लग्नगडी : लग्नाचे कर्ज आणि जन्माची वेठ

१/ वारली लग्नात सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक रेखतात आणि धवलेरी लग्न लावते. पूर्वी या मंगल प्रसंगासाठी काढलेले कर्जच नवऱ्या मुलाच्या गळ्यातील दावे होत असे.

२/ डहाणू-तलासरी भागात अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. कर्ज फिटेपर्यंत पती-पत्नी दोघांनी जमीनदाराकडे राबायचे. हिशेबाची वही जमीनदाराच्या हाती आणि ऋणको निरक्षर. त्यामुळे कर्ज सहसा फिटत नसे.

३/ जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याच्या किसान परिषदेत माह्या धांगडा यांनी ही व्यथा मांडली. २३ मे रोजी झरी गावी सुमारे ५,००० वारली जमले. गोदावरी व शामराव परुळेकरांच्या साथीने ठराव झाला : वेठ करायची नाही, रोख मजुरी घ्यायची. त्यानंतर गावोगावी फिरून कार्यकर्त्यांनी लग्नगडी सोडवले.

४/ या जागृतीची किंमत मोठी होती. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याच्या सभेवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण हुतात्मा झाले.

५/ वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा. त्याच्या तीन दशके आधीच या जोडप्यांनी आपला संसार आपल्या हाती घेतला होता.