अंगणातला हौद आणि गावाचे पाणी

घराच्या मागील अंगणात जमीन खणून पोहण्याचा तलाव बांधावा, ही हौस आपल्याला नवी वाटते. परंतु ज्या शहराचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले, त्या औरंगाबादेत अंगणात पाणी बांधून ठेवण्याची चाल चारशे वर्षांची आहे. तिचा इतिहास आठवला, तर आजच्या हौसेला कोणता प्रश्न विचारावा हे आपल्याला सहज कळेल.

हबशी वंशाचा मलिक अंबर गुलाम म्हणून दख्खनेत आला आणि पुढे निजामशाहीचा कर्ता वजीर झाला. १६१० साली त्याने खडकी या खेड्याच्या जागी नगर वसविले. १६१६ साली त्याने बांधलेल्या नौखंडा महालात जनानखाने, दिवाणखाने, मशीद आणि कचेरी होती. त्या प्रत्येकाला स्वतंत्र बाग व हौद होता. मात्र हौद बांधून भागत नाही, तो भरावा लागतो. अंबराने तोही विचार केला. १६१७-१८ च्या सुमारास त्याने नहर-ए-अंबरी साकारली.

शहराच्या उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याशी जमिनीत मुरलेले पाणी भुयारी मार्गाने गोळा करावयाचे आणि केवळ उताराच्या बळावर शहरात आणावयाचे, अशी ही योजना होती. इराणातील कारेझ याच तत्त्वावर चालतात. सफाईसाठी व हवेसाठी वाटेत ठिकठिकाणी उभ्या विहिरींसारखी तोंडे ठेवलेली असत. पाणी झाकलेले असल्यामुळे उन्हाने आटत नसे. पुढे अशा आणखी नहरी झाल्या आणि त्यांवर सार्वजनिक हौद, मशिदी, बागा व वाडे पोसले गेले.

पाणचक्कीचा हौद या परंपरेचा उत्तम नमुना होय. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातील हा विस्तीर्ण हौद एका दालनाच्या छतावर उभा आहे. वर पाणी आणि खाली गारवा. नहरीने आलेले पाणी उंच भिंतीवर चढून खाली कोसळते. पूर्वी त्याच जोरावर जाते फिरून फकिरांसाठी व शिष्यांसाठी दळण होई. उरलेले पाणी खाम नदीला मिळे. एकाच पाण्याने शोभा, गारवा आणि भाकरी अशी तीन कामे केली.

पुढे नहरींची हेळसांड झाली. कित्येक फुटल्या, कित्येक नव्या बांधकामांखाली गाडल्या गेल्या. १९७६ साली पैठणचे जायकवाडी धरण पूर्ण झाले आणि शहर त्या पाण्यावर विसंबू लागले. अंबराचे पाणी उताराने येत असे; हे पाणी पंपांनी चढावर आणावे लागते. नळाला कित्येक दिवसांआड पाणी येण्याचा अनुभव अनेक वस्त्यांना आहे.

आता हिशेब मांडू या. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि दीड मीटर खोल तलावात ४८,००० लिटर पाणी मावते. दरडोई १३५ लिटर हे शहरी प्रमाण धरले, तर पाच माणसांच्या कुटुंबाला ते सत्तर दिवस पुरेल. उन्हाने दिवसाकाठी एक सेंटिमीटर पाणी आटले, तरी रोज ३२० लिटर, म्हणजे दोन माणसांच्या वाट्याहून अधिक पाणी हवेत जाते.

बांधकामही सोपे नाही. वर फुगणारी काळी माती, खाली मुरूम आणि काळा पाषाण. पावसाळ्यात भोवतालचे पाणी चढले, तर रिकामा तलाव तळापासून उचलला जाण्याचे भय असते.

तलाव बांधूच नये, असे आम्ही म्हणत नाही. छपराचे पावसाचे पाणी त्यात साठवावे, तो झाकून ठेवावा, गाळून तेच पाणी पुन्हा वापरावे. जुन्या हौदांमागे पाणी कोठून येते आणि पुढे कोणाकडे जाते, याची आखणी आधी होत असे. ती आखणी करणाऱ्यालाच अंगणात कुदळ मारण्याचा अधिकार आहे, असे आम्हांस वाटते.