पगार हद्द ओलांडतो, दाखला का अडतो?

अमेरिकेत एका राज्यात राहून शेजारच्या राज्यात कामाला जाणारे लाखो लोक आहेत. तिथे केंद्राबरोबरच बहुतेक राज्ये आणि काही शहरे व कौंट्याही उत्पन्नावर कर घेतात. काम केले तिथे कर भरला आणि राहतो तिथेही भरला, तर एकाच घामावर दोन वेळा वसुली का, असा प्रश्न उभा राहतो. यावर उपाय म्हणजे एकीकडे भरलेल्या कराची दुसरीकडे वजावट.

ही वजावट भांडून मिळवावी लागली. मेरीलँडमध्ये बाहेर भरलेला कर राज्याच्या करातून वजा होई, कौंटीच्या करातून होत नसे. १८ मे २०१५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. राज्याबाहेर कमावणाऱ्यावर जादा बोजा टाकणे म्हणजे सीमेवर जकात नाका बसवण्यासारखेच आहे, असा त्यामागचा तर्क होता. तरी वाद संपला नाही. फिलाडेल्फियात १९३९ पासून वेतनकर आहे. तिथे राहून डेलावेअर राज्यात नोकरी करणाऱ्या एका महिलेने तिथल्या राज्यकराची वजावट शहराच्या करातून मागितली. २०२३ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली.

याच्याशी आपला संबंध काय? संबंध आहे, आणि तो थेट आहे. दुहेरी कराचा शास्त्रशुद्ध विचार करणाऱ्या पहिल्या अर्थतज्ज्ञांपैकी एक म्हणजे कोलंबिया विद्यापीठाचे प्रा. एडविन सेलिग्मन, म्हणजेच बाबासाहेबांचे गुरू. राष्ट्रसंघाने दुहेरी करावर नेमलेल्या चार तज्ज्ञांत ते होते आणि त्यांचा अहवाल १९२३ मध्ये आला. दोनच वर्षांनी ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा बाबासाहेबांचा ग्रंथ निघाला. त्याला प्रस्तावना सेलिग्मन यांचीच आहे. केंद्र आणि प्रांत यांच्यात पैसा कसा वाटावा, हा त्या ग्रंथाचा विषय.

भारतात शेतीबाहेरच्या उत्पन्नावरचा कर १९३५ च्या कायद्यातही केंद्राकडे होता. आपल्या घटनेने तेच कायम ठेवले. राज्यांना उरला व्यवसाय कर आणि त्यालाही कलम २७६ ने वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली. म्हणून पुण्यात राहून हैदराबादेत कमावणाऱ्याला अमेरिकेसारखा जाच होत नाही.

पण मित्रांनो, आता दुसरी बाजू पाहा. आंध्रातून लहानपणी मुंबईत आलेल्या आदिवासी विद्यार्थ्याला वैद्यकीय प्रवेशात आरक्षण नाकारले गेले आणि १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते योग्य ठरवले. अनुसूचित जाती-जमातींची यादी त्या-त्या राज्यापुरतीच असते, हे त्याचे कारण. २०१८ मध्येही घटनापीठाने राज्यांच्या नोकऱ्यांसाठी हेच तत्त्व कायम ठेवले.

स्थानिक दलितांच्या जागा बाहेरचे घेतील, हा आक्षेप पोकळ नाही. पण स्थलांतरित मजूर काम करतो त्या राज्यात अनेक वस्तूंच्या खरेदीवर जीएसटी भरतो आणि राज्याचा वाटा त्याच राज्याच्या तिजोरीत जातो. कर घेताना तो तिथला, हक्क मागताना मात्र परका! आणि जात? ती तर दाखला न मागताच हद्द ओलांडते.

वजावटीचे तत्त्व इथेही लावा. एका राज्यात हक्क घेतला तर दुसऱ्यात घेऊ नये. येणाऱ्यांसाठी केंद्राने जादा जागा आणि निधी द्यावा. दोनदा लाभ नको, पण शून्य संरक्षणही नको. संसदेकडे ही मागणी आपणच लावून धरली पाहिजे.

जय भीम!