डुक्कर फियाटचा शिल्पकार

मुंबई-पुण्याकडच्या वडीलधाऱ्या मंडळींच्या बोलण्यात ‘डुक्कर फियाट’ हा शब्द अद्यापि येतो. १९५० नंतरच्या दशकात कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून रस्त्यावर आलेल्या त्या बुटक्या, गुबगुबीत गाडीला लोकांनीच हे नाव बहाल केले, आणि त्यात हेटाळणीपेक्षा लळाच अधिक होता. परंतु ज्याच्या बुद्धीतून ती गाडी निघाली त्या दान्ते जाकोझाचे नाव आपल्याकडे क्वचितच कुणाच्या कानी असेल. इटालियन मोटारींचा विषय निघाला म्हणजे श्रीमंतांसाठी घडवलेल्या वेगवान, तांबड्या गाड्यांचेच वर्णन रंगते. मला मात्र वाटते की चार माणसांच्या कुटुंबाला माफक दामात, माफक पेट्रोलवर, पावसापाण्यातून सुखरूप नेणारे वाहन निर्माण करणे हे त्याहून दुष्कर कर्म आहे, आणि जाकोझाने आपले अवघे आयुष्य त्यालाच वाहिले.

त्याचा जन्म १९०५ साली रोम येथे झाला. ट्यूरिनच्या तंत्रविद्यापीठाची पदवी १९२७ मध्ये घेऊन तो पुढल्याच वर्षी फियाटच्या नोकरीत रुजू झाला. त्या काळी फियाटचा लिंगोत्तो येथील पाच मजली कारखाना हे यंत्रयुगाचे एक आश्चर्य होते: तळमजल्यावर कच्चा माल यावा, मजल्यामजल्याने चढत त्याची गाडी व्हावी, आणि तयार गाडीची परीक्षा थेट गच्चीवर बांधलेल्या धावपट्टीवर घेतली जावी, अशी त्याची रचना होती.

कंपनीचे सर्वेसर्वा सेनेटर जोव्हान्नी अन्येल्ली यांच्या मनात ५,००० लिरांत विकता येईल अशी छोटी गाडी काढण्याची तजवीज होती. तिचा पहिला प्रयोग लार्दोने नावाच्या अभियंत्याने केला, आणि त्यात इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना दिली होती. खुद्द सेनेटर आत बसले असताना परीक्षेच्या फेरीत त्या गाडीने पेट घेतला व उतारूंना बाहेर उड्या टाकाव्या लागल्या. सेनेटरांनी दोष पुढच्या चाकांच्या चालनावर ठेवला आणि फियाटमध्ये पुन्हा त्याचे नाव काढू नये असा हुकूम सोडला. तेच काम १९३४ मध्ये, हुकमाच्या बेडीसह, वयाची तिशीही न गाठलेल्या जाकोझाकडे आले.

त्याने ते कसे पार पाडले हे थोडे जवळून पाहण्याजोगे आहे. चार सिलिंडरांचे ५६९ घनसेंटिमीटरचे चिमुकले इंजिन त्याने पुढच्या आसाच्याही पुढे सरकवले, आणि एरवी सर्वांत पुढे असणारा रेडिएटर इंजिनाच्या मागे, किंचित उंचावर बसवला. एवढ्या एका फेरबदलाने आत बसणाऱ्यास पाय लांब करण्यापुरती जागा झाली. तापलेले पाणी आपसूक वर चढते व निवलेले खाली उतरते, या निसर्गक्रमावरच इंजिन थंड राखण्याचे काम सोपवता आल्याने पाण्याचा पंप अनावश्यक ठरला. आणि पेट्रोलची टाकीही उंचावर ठेवल्यामुळे पेट्रोल स्वतःच्या भाराने खाली येऊ लागले, सबब तो पंपही गेला. जो भाग गाडीत नाहीच तो बिघडत नाही आणि त्याचे पैसेही पडत नाहीत. १९३६ मध्ये ही गाडी बाजारात आली, तेव्हा किंमत ५,००० ऐवजी ८,९०० लिरा झाली होती; तरीही लोकांनी तिला ‘तोपोलिनो’, म्हणजे उंदीरमामा, असे लाडके नाव दिले आणि १९५५ पर्यंत ५ लाखांहून अधिक गाड्या खपल्या.

महायुद्धानंतर इटलीत पोलादही महाग आणि माणसाचा खिसाही रिकामा. १९५५ ची ‘६००’ आणि १९५७ ची नवी ‘५००’ या त्या दारिद्र्यातून जन्मल्या. दुसरीचा गोलवा पाहून आज लोक हरखतात. पण गोलाई पत्र्याला अंगचा ताठपणा देते आणि पत्रा कमी लागतो, हा त्यामागचा हिशेब होता. छतावरचे कापडही त्याच हिशेबातले. प्रारंभी मात्र कंजुषी जरा जास्तच झाली. मागे बसायला धड जागा नव्हती, खिडकीची काच उतरत नव्हती, आणि गिऱ्हाईक फिरकेना. काही महिन्यांतच त्या उणिवा भरून काढाव्या लागल्या. काटकसर आणि कंजुषी यांतील सीमारेषा जाकोझाही एकदा चुकला, याची नोंद केली पाहिजे.

सेनेटरांचा जुना हुकूम मात्र त्याच्या मनातून गेला नव्हता. १९६४ मध्ये, फियाटच्या नावाला धक्का नको म्हणून ऑटोबियांकी या सहकंपनीच्या छापाखाली, पुढच्या चाकांना शक्ती देणारी ‘प्रिमुला’ निघाली. इंग्लंडच्या ‘मिनी’त आडव्या इंजिनाच्या पोटाखाली, त्याच्याच तेलात गिअरबॉक्स होता, जाकोझाने तो इंजिनाच्या शेजारी एका ओळीत मांडला आणि चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांपैकी एक आखूड, एक लांब ठेवला. १९६९ च्या ‘१२८’ मध्ये हीच मांडणी खुद्द फियाटने पत्करली, आणि आज आपल्या गल्लीत उभ्या असणाऱ्या बहुतेक छोट्या मोटारींची मांडणी तीच आहे. १९७० मध्ये तो सेवानिवृत्त झाला.

आता कुर्ल्याकडे वळू. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीने फियाट ‘११००’ हाती घेतली; तीच लोकांची डुक्कर फियाट. पुढे तिचीच ‘डिलाइट’ आणि १९७४ च्या सुमारास ‘पद्मिनी’ झाली. स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर असलेल्या, पुढे सलग बाक असलेल्या त्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत ड्रायव्हरशेजारी बसून मुंबईत कोण फिरले नाही? तिच्या इंजिनाच्या सिलिंडराचा व्यास ६८ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ७५ आणि एकूण क्षमता १०८९ घनसेंटिमीटर. हीच मापे जाकोझाच्या १९३७ च्या ‘५०८ सी’ गाडीच्या इंजिनाची. ३१ मार्च १९९६ रोजी ट्यूरिन येथे त्याचे निधन झाले, त्या वर्षीही पद्मिनी त्याच मापांनी तयार होत होती. आणि मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये.