गासडीवरचा शिक्का पिस्तुलावर

हृदयाच्या आकाराची चौकट, फुलीने पाडलेले तिचे चार भाग, प्रत्येक भागात एक रोमन अक्षर आणि डोक्यावर इंग्रजी चाराच्या आकड्यासारखी खूण. ईस्ट इंडिया कंपनीच्या अठराव्या शतकातल्या पिस्तुलांवर हा शिक्का सापडतो, पण तो जन्मला शस्त्रासाठी नव्हे. जहाजात चढवलेल्या गासड्यांमधून आपला माल ओळखता यावा म्हणून युरोपातले व्यापारी अशा खुणा वापरत. चारासारखं ते चिन्ह त्यांच्यात फार जुनं. १७०९ मध्ये दोन प्रतिस्पर्धी इंग्रज कंपन्या एक झाल्या आणि शिक्क्यात 'युनायटेड'चा यू जुन्या वळणाने 'व्ही'सारखा कोरला जाऊ लागला. मुंबई इलाख्याच्या १७९१ च्या तांब्याच्या नाण्यांवरही एका बाजूला हाच शिक्का आहे, दुसरीकडे तराजू. माल, नाणं आणि हत्यार यांवर एकच खूण. कंपनीचं अवघं चरित्र त्यात आलं.

या चरित्राचा पहिला कडू घोट कोल्हापूरच्या परिसराने फार लवकर घेतला. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीतले इंग्रज दारूगोळा घेऊन त्याच्या मदतीला आले आणि आपलं निशाण लावून त्यांनी गडावर मारा केला. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूरची वखार लुटली.

पुढे कंपनी नुसती वखारवाली राहिली नाही, तिचं स्वतःचं मोठं सैन्य झालं. १८०८ च्या सुमारास गासडीचा शिक्का मागे पडून मागच्या पायांवर उभा, पंजात मुकुट धरलेला सिंह शस्त्रांवर आला. जुनं पिस्तूल पारखणाऱ्याला हा बदल फार उपयोगी पडतो. कळीच्या, म्हणजे बार उडवणाऱ्या यंत्रणेच्या, पट्टीवर हृदय आणि नळीवर सिंह असेल, तर दोन्ही भाग एका वेळचे नसण्याचाच संभव जास्त. इंग्लंडच्या सरकारी शस्त्रांची खूण वेगळी: मुकुट, राजाची आद्याक्षरं, 'टॉवर' हा शब्द आणि जाड बाण. दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर ठोकलेले असतील, तर ते हत्यार सरकारी सेवेतून काढून विकलं गेलेलं असतं.

सुटा भाग बदलणं तेव्हा सोपं नव्हतं. यंत्रावर एकसारखे भाग निघू लागण्याआधी प्रत्येक कळ आपल्याच दस्त्यात कानशीने घासून बसवावी लागे. कारागीर एका पिस्तुलाच्या भागांवर आतून सारख्याच बारीक खाचा पाडत, म्हणजे जुळणीत घोटाळा होत नसे. स्क्रू काढल्यावर एका भागावर तीन खाचा आणि दुसऱ्यावर पाच दिसल्या, तर पाहुणा कोण ते शोधायला लागावं. स्क्रूचे आटेही बोलतात. जोसेफ व्हिटवर्थने एकसारख्या आट्यांचं माप सुचवलं ते १८४१ मध्ये. त्याआधीच्या पिस्तुलात नेमका त्या मापाचा स्क्रू सापडला, तर तो मागाहून आलेला. कोल्हापूरच्या उद्यमनगरातला जाणता टर्नर ही गोष्ट भिंग न लावता सांगेल.

सगळ्यात मोठी अदलाबदल झाली ती टोपीमुळे. अलेक्झांडर फॉर्सिथ या स्कॉटिश पाद्र्याने आघाताने पेटणाऱ्या दारूचं पेटंट १८०७ मध्ये घेतलं. त्यातूनच पुढे तांब्याची टोपी आली आणि १८४० च्या दशकात सैन्यातली गारगोटी हद्दपार होऊ लागली. चांगली शस्त्रं टाकून कोण देणार? रंजकाची, म्हणजे पेटवणीच्या दारूची, वाटी कापली, ठिणगी पाडणारी पोलादी झडप काढली, नळीच्या कानात, म्हणजे आग आत नेणाऱ्या भोकात, टोपी बसवायची बोंडी घातली आणि घोडा बदलला. झडपेच्या कमानीची भोकं बुजवली, तरी पट्टीवर त्यांचे गोल डाग राहतात. ही दुरुस्ती खोटेपणा नव्हे, ती त्या पिस्तुलाची नोकरी आहे. कोल्हापूरचंच उदाहरण घ्या: कंपनीच्या २७ व्या मुंबई पलटणीने जुलै १८५७ अखेर इथे उठाव केला आणि ऑगस्टमध्ये तिची शस्त्रं काढून घेतली गेली. त्या काळातल्या हत्यारावर अशा दुरुस्त्या दिसल्या, तर उलट विश्वास वाढावा.

खोटेपणा आहे तो उलट्या दिशेने. गारगोटीच्या पिस्तुलाला दाम जास्त, म्हणून काही विक्रेते टोपीचं पिस्तूल पुन्हा गारगोटीचं करतात. अशा वेळी कान पाहावा. वर्षानुवर्षं रंजक जळलेल्या कानाच्या कडा खाल्लेल्या असतात. नव्याने पाडलेला कान स्वच्छ गोल दिसतो आणि वाटी काळवंडलेली असली, तरी तिच्यावर जळल्याचे खड्डे नसतात.

दस्त्याचं लाकूडही पाहावं. इंग्लंडहून आलेल्या लष्करी पिस्तुलाचा दस्ता बहुधा अक्रोडाचा. तो शिसवी निघाला, तर दुरुस्ती बहुधा इकडच्या सुताराच्या हातची. संस्थानी शस्त्रागारं आपली नोंदही हत्यारावर करत. बिकानेरच्या शस्त्रांवर टिंबाटिंबांनी ठोकलेली देवनागरी अक्षरं प्रसिद्ध आहेत. अशी अक्षरं फार उथळ असतात. पितळ चकचकीत करण्याच्या हौसेत सर्वांत आधी तीच पुसली जातात, म्हणून जुन्या पिस्तुलाला पॉलिश लावूच नये. संग्रहालयांनीही फलकावर एकच साल न लिहिता नळी, कळ आणि दस्ता यांचा काळ वेगवेगळा नोंदवावा.