नाममुद्रा ते मेटाडेटा : आंबेडकरी गायकांनी आता कोणती अक्षरे शिकावीत?

संगीताचा धंदा बदलला आहे, कलावंतांनी डिजिटल कौशल्ये शिकली पाहिजेत, असे आज सगळेच सांगतात. पण हे सांगणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर घाटकोपर-मुलुंडच्या वस्तीतला भीमगीत गायक नसतो. कौशल्य म्हणजे व्हिडिओ कापणे, रील टाकणे, आवाज गुळगुळीत करणे, एवढाच अर्थ ते घेतात. ते तर आपल्या वस्त्यांतली पोरे कुणी न शिकवता शिकली. आमचे म्हणणे वेगळे आहे. आंबेडकरी गाण्याचा इतिहास पाहिला तर दिसते की प्रत्येक नव्या माध्यमात आपले गाणे पोचले. गाणे रचणाऱ्याचे नाव आणि त्याचा मोबदला मात्र पोचलाच असे नाही. म्हणून खरे कौशल्य आहे ते नाव आणि हक्क टिकवण्याचे.

सुरुवात जलशापासून करू. सत्यशोधक जलशांची परंपरा पुढे नेत 1930 च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. लोकांना ओळखीचा असलेला तमाशाचा साचा घेऊन त्यात चळवळ भरली. निरक्षर समाजापर्यंत बाबासाहेबांचा विचार पोचवणारे ते माध्यम होते. तिथे रेकॉर्ड कंपनी नव्हती, करार नव्हता. गाणे वहीतून तोंडात आणि एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जात होते. अशा व्यवस्थेत रचनाकाराचे नाव टिकणार कसे?

उत्तर आपल्याच परंपरेत होते. संतांनी अभंगात, शाहिरांनी कवनात शेवटी आपले नाव गुंफले. वामनदादा कर्डकांनीही तेच केले. 1922 साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेले वामनदादा लहानपणी शाळा शिकले नव्हते. मुंबईत कष्ट करत असताना कुणीतरी त्यांना पत्र वाचून दाखवायला सांगितले, ते वाचता आले नाही, ती सल मनाला लागली आणि मोठेपणी त्यांनी अक्षरे गिरवली, असे सांगितले जाते. त्यानंतर त्यांनी हजारो गाणी लिहिली. त्यांच्या कितीतरी गाण्यांच्या अखेरीस ‘वामन’ येतो. गाणे कुणीही गावे, कुठेही गावे, नाव सोबत जाते. ही नाममुद्रा म्हणजे त्या काळचा मेटाडेटाच होता.

1980 च्या दशकात कॅसेट आली. रेकॉर्डपेक्षा ती खूप स्वस्त होती. त्यामुळे जे आवाज मोठ्या कंपन्यांच्या खिजगणतीत नव्हते ते घराघरांत वाजू लागले. चैत्यभूमी आणि दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी भीमगीतांच्या कॅसेटचे स्टॉल लागू लागले. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज तर महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात गेला. पण कॅसेटच्या धंद्याची रीत एकरकमी पैशांची होती. गायकाने गायचे, पाकीट घ्यायचे, कागदावर सही करायची. त्या कागदावर काय लिहिले आहे हे वाचणारा आपल्या बाजूने कुणी नसे. वामनदादांनी अक्षरे शिकून गाणे लिहिले. करार वाचण्याची अक्षरे शिकणे आपले राहूनच गेले.

आपल्या उपनगरांचा इतिहास याहून कठोर आहे. अण्णा भाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले, 1969 साली गोरेगावात गेले. 11 जुलै 1997 रोजी रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात 10 जण शहीद झाले. त्यानंतर चारच दिवसांनी मुलुंडच्या वस्तीत राहणाऱ्या शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. आज तरुण पिढीला घोगरे यांचा आवाज माहीत आहे तो मुख्यतः आनंद पटवर्धन यांच्या ‘बॉम्बे हमारा शहर’ आणि ‘जयभीम कॉम्रेड’ या माहितीपटांमुळे. कुणीतरी कॅमेरा घेऊन आले म्हणून तो आवाज उरला. ज्या वस्त्यांत कॅमेरा आला नाही तिथल्या शाहिरांचे काय झाले, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.

आता कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. 2016 नंतर डेटा स्वस्त झाला आणि एकतारीवर गाणाऱ्या कडूबाई खरात मोबाईलच्या पडद्यावरून लोकांपर्यंत पोचल्या. पण 29 जून 2020 रोजी सरकारने 59 अॅपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक गेले आणि बहुजन पोरापोरींची खाती एका रात्रीत गेली. दुसऱ्याच्या जागेवर बांधलेले घर कधीही पाडले जाते, हे झोपडपट्टीतल्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही. अॅपलाही तोच न्याय लागू आहे.

काही साथी म्हणतात, गाणे चळवळीचे आहे, त्याला मालकी कशाला? आम्हाला हा युक्तिवाद मान्य नाही. आपण नाव लावले नाही म्हणून गाणे निनावी राहत नाही, त्यावर दुसऱ्याचे नाव लागते. आपले गाणे आधी दुसऱ्याने नोंदवले तर यूट्यूबवर आपल्याच व्हिडिओवर त्याचा दावा येऊ शकतो. गाणे चळवळीला मोफत द्यायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकारही मालकालाच असतो.

कायदा बऱ्याच अंशी आपल्या बाजूचा आहे. रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे कॉपीराइट टिकतो. अण्णा भाऊंच्या साहित्यावर तो 2029 अखेरपर्यंत आहे, 2004 साली गेलेल्या वामनदादांच्या गाण्यांवर 2064 अखेरपर्यंत. 2012 च्या दुरुस्तीनुसार ध्वनिमुद्रणात वापरलेल्या गाण्याच्या रॉयल्टीतला गीतकार-संगीतकाराचा वाटा वारस किंवा कॉपीराइट संस्थेखेरीज कुणालाही देऊन टाकता येत नाही. करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हते त्याचे हक्क, करारात स्पष्ट लिहिल्याशिवाय, जात नाहीत, असेही ही दुरुस्ती सांगते. जुन्या कॅसेट-करारांना ती कितपत लागू होते, हे वकिलाला विचारायला हवे. आपल्यात वकील कमी नाहीत.

म्हणून आमचे आवाहन साधे आहे. गाणे टाकताना गीतकार, संगीतकार, गायक, वादक यांची नावे भरा, रकाना मोकळा सोडू नका. रेकॉर्डिंगचा 12 अक्षरांचा आयएसआरसी क्रमांक घ्या. गीतकार-संगीतकारांनी 1969 पासून असलेल्या आयपीआरएस या संस्थेचे सदस्यत्व घ्यावे. मूळ फाईल स्वतःकडे दोन ठिकाणी ठेवा. न वाचता सही करू नका. आणि येत्या जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक तास कमी करून वस्तीतल्या जुन्या शाहिरांच्या वह्या स्कॅन करा, घरात पडलेल्या कॅसेट डिजिटल करून घ्या, ज्याचे गाणे त्याचे नाव त्यावर लिहा. प्रत्येक विहारात एक लॅपटॉप आणि दोन शिकलेली पोरे असली तरी हे काम होते.

‘शिका’ हा बाबासाहेबांचा आदेश शाळेच्या दारात संपत नाही. वामनदादांनी आपले नाव गाण्यात लिहून ठेवले. आपल्याला ते आता संगणकात लिहायचे आहे.

जयभीम!