बडोद्याचा चित्रकलेचा वर्ग

चित्रकारास पदवी हवीच कशाला, असे अद्यापही विचारले जाते. याचे उत्तर शोधावयास आम्ही बडोद्याकडे पाहतो. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि प्रथम कुलगुरू हंसा मेहता यांच्या कारकीर्दीत तेथे ललितकला विद्याशाखा उभी राहिली. १८५७ साली सुरू झालेल्या मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत विद्यार्थ्याचा हात उत्तम तयार होई. पण अखेरीस पदरी पडे ती पदविका. हे अंतर किती बोचते, ते वेतनश्रेणीचे तक्ते चाळण्यात हयात घालविलेल्या आमच्यासारख्यांस ठाऊक आहे!

तथापि बडोद्याने केवळ प्रमाणपत्राचे नाव बदलले नाही. रेखाटन व रंगकाम यांच्या जोडीस कलेचा इतिहास अभ्यासक्रमात आला. हात आणि विचार एकत्र घडू लागले. १९५० मध्ये चित्रकला विभागाची धुरा नारायण श्रीधर बेंद्रे यांजकडे आली. इंदूरला देवळालीकरांच्या हाताखाली तयार झालेले हे निसर्गचित्रणातील सिद्धहस्त कलावंत बडोद्यात स्वतः घनवादी प्रयोग करीत राहिले, परंतु शिष्यांवर त्यांनी आपली शैली लादली नाही. ज्योती भट्ट आणि गुलाम मोहम्मद शेख दोघेही याच विद्याशाखेचे विद्यार्थी. मात्र त्यांची चित्रे ना परस्परांसारखी, ना बेंद्र्यांसारखी. अध्यापकाची याहून मोठी परीक्षा आम्हास ठाऊक नाही.

१९६६ मध्ये बेंद्रे यांनी विद्यापीठ सोडले. आम्ही इंदूरकर त्यांची चित्रे अभिमानाने आठवतो. त्यांचे सोळा वर्षांचे अध्यापन मात्र आमच्या बोलण्यात क्वचितच येते.