वसई किल्ल्यातील चर्चवास्तू

पालघर जिल्ह्यातील वसईच्या भुईकोटातील पोर्तुगीजकालीन चर्चचे भग्नावशेष. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ च्या तहान्वये वसई पोर्तुगिजांना दिली. पुढे तटाच्या आत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन व ऑगस्टिनियन पंथांची चर्चे व मठ उभे राहिले. सेंट जोसेफ कॅथीड्रलच्या शिलालेखात १६०१ हे साल व आर्चबिशप मेनेझिश यांचे नाव आहे. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत थडग्यांच्या कोरीव शिळा बसविलेल्या आहेत.

सारी पडझड लढाईनेच झाली असे म्हणता येत नाही. १६१८ च्या वादळात शहराची मोठी हानी झाली होती. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने सुरुंगांनी तट फोडून किल्ला घेतला. मात्र मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना उपासनेची मोकळीक शरणागतीच्या अटींत होती. १७८० मध्ये इंग्रज सेनापती गॉडर्डनेही किल्ल्याला वेढा घातला. पुढची मोडतोड ओसाडपणाने केली.

वसईच्या घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर गेल्या व देवळांत वाजू लागल्या. मेणवलीच्या घाटावरील घंटेवर बाळ येशूला घेतलेली मरिया असून १७०७ हे साल आहे. नाशिकच्या नारोशंकर मंदिराची घंटा सर्वांत प्रसिद्ध. ‘नारोशंकराची घंटा’ म्हणजे दणदणीत आवाज, असा वाक्प्रचारच रूढ झाला. गोदावरीला पूर आला की पाणी घंटेला लागले का, अशी विचारपूस होते.

किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे, तो प्राचीन वास्तू म्हणून. बर्लिनच्या कैसर विल्हेल्म चर्चचा १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात मोडलेला मनोरा युद्धाची आठवण म्हणून मुद्दाम तसाच राखला गेला; वसईबाबत असा ठराव कोणी केला नाही. तरी चिमाजी आप्पांचे स्मारक आणि संत गोन्सालो गार्सिया यांची स्मृती जपणारे जेझुइट चर्च एकाच परिसरात आहेत. वसईत जन्मलेल्या गार्सियांना १५९७ मध्ये जपानातील नागासाकी येथे क्रूसावर मारण्यात आले व १८६२ मध्ये संतपद मिळाले. त्याच नागासाकीतील उराकामी कॅथीड्रल ९ ऑगस्ट १९४५ च्या अणुबॉम्बने कोसळले. त्याच्या भिंतीचा एक तुकडा तेथे जपलेला आहे. वसईच्या चर्चमध्ये फेब्रुवारीत गार्सियांच्या सणानिमित्त मिस्सा होते.